मेहरुनबीचा न हसलेला फोटो

पलूसच्या एसटी स्टँडसमोर रसवंती आणि झेरॉक्सच्या दुकानामधल्या बोळात 'न्यू चांद फोटो स्टुडिओ' आहे. जुना चांद कधी नव्हताच. पाटी रंगवणाऱ्याला डावीकडे थोडी जागा उरलेली दिसली, म्हणून त्यानं आपल्या मनानं 'न्यू' लिहून टाकलं. चांदसाहेब मुल्लांनीही ते राहू दिलं. नवं म्हटलं की माणसं आत डोकावतात, आणि एकदा डोकावलं की फोटो काढूनच बाहेर पडतात, असा त्यांचा अनुभव.

समोर माणूस आला की चांदसाहेबांना तो पस्तीस मिलिमीटर रुंद आणि पंचेचाळीस मिलिमीटर उंच दिसतो. पोट, हातपाय, चपला हा सगळा त्यांच्या लेखी कापून टाकायचा भाग. एखाद्याच्या लग्नात जेवायला बसले तरी त्यांची नजर समोरच्याच्या डोक्यावर किती जागा सोडावी लागेल याच्यावर. चाळीस वर्षं हाच धंदा केल्यावर नजर दुसरं काय करणार?

पूर्वी लग्नाचे, बारशाचे, जावळाचे फोटो असायचे. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओकडे फक्त फॉर्मांचं काम उरलं. पोलीस भरती, आर्मी भरती, नर्सिंग, पासपोर्ट, पेन्शन, ऊस वाहतुकीचं लायसन. प्रत्येकाचं माप वेगळं. कुणाला पांढरं बॅकग्राऊंड लागतं, कुणाला निळं, कुणाला सहीचा फोटो वेगळा. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ते केबी. फोटो वीस केबीच्या वर आणि पन्नासच्या आत बसवायचा. एक्कावन्न झाला तरी फॉर्म तो थुंकून टाकतो.

बिराप्पा धनगर पोराला घेऊन त्याच्या भरतीचा फोटो न्यायला आला तेव्हा चांदसाहेब संगणकावर तेच घालत-काढत बसले होते.

"काय चाललंय?" बिराप्पानं विचारलं.

"वजन कमी करतोय. चौसष्ट भरलंय, पन्नासच्या आत आणायचंय."

बिराप्पानं पोराकडं बघितलं, पडद्यावरच्या पोराकडं बघितलं, आणि म्हणाला, "उसाच्या वजनात काटा मारत्यात ते ठावं हाय. आता पोरांच्या बी वजनात मारायला लागलं व्हय?"

चांदसाहेबांकडं संगणकात तीन कोट आहेत. एक निळा, एक काळा आणि एक मरून. ज्याला कोट नाही त्याच्या गळ्याखाली ते यातला एक चिकटवतात. निळा सगळ्यांना बसतो. त्यामुळं अर्ध्या पलूस तालुक्याच्या कागदपत्रांवर एकच निळा कोट आहे, आणि मिरजेच्या एका कचेरीतल्या साहेबांनी एकदा विचारलंही म्हणे, की तुमच्याकडं सगळे एकाच शिंप्याकडं जातात का?

पण चांदसाहेबांचं खरं नाव झालं ते रिटचिंगमध्ये. तरुणपणी ते मिरजेत एका उस्तादांच्या स्टुडिओत होते. तिथं निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं एकेक सुरकुती पुसायला शिकले. उस्तादांचं सांगणं होतं, फोटो म्हणजे माणसाची अब्रू, ती आपल्या हातात दिलेली असते. पेन्सिल जाऊन माऊस आला तरी चांदसाहेबांनी ती अब्रू सोडली नाही. वांग, देवीचे वण, डोळ्याखालची काळी वर्तुळं, सगळं साफ. आकाराम तात्यांनी पंच्याहत्तरी ओलांडल्यावर एसटीच्या मोफत कार्डासाठी इथंच फोटो काढला. कडेगावच्या गाडीत कंडक्टर कार्ड बघून म्हणाला, "आजोबा, हे तुमच्या लेकाचं कार्ड हाय. आपलं दावा." तात्यांनी मुकाट्यानं फुल तिकीट काढलं आणि उतरल्या उतरल्या स्टुडिओत आले. भांडायला नाही. त्याच फोटोची एक मोठी कॉपी फ्रेम करून पाहिजे होती.

असा हा माणूस. तालुक्याला दहा-दहा वर्षांनी लहान करून देणारा. आणि त्याला स्वतःच्या बायकोचा एक फोटो काढता येत नव्हता.

मेहरुनबी त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसली की हसायची. मंद बिंद नाही, खांदे हलेपर्यंत. कारण जुनं होतं. निकाह होऊन आठ दिवस झाले होते. चांदसाहेब तेव्हा उस्तादांच्या पेटीच्या कॅमेऱ्यावर काम करत. नव्या बायकोला मोठ्या दिमाखानं स्टुडिओत नेलं, स्टुलावर बसवलं आणि डोक्यावर काळं कापड घेऊन कॅमेऱ्यामागं वाकले. मेहरुनबीला दिसले ते कॅमेऱ्याखालचे दोन पाय, आणि एका गुडघ्यावर तिच्याच सासूनं लावलेलं चौकोनी ठिगळ. वर नवरा कुठंच नाही. आणि त्या कापडाच्या आतून आवाज आला, "मॅडम, हलू नका."

आठ दिवसांच्या संसारात तिला पहिल्यांदाच कुणी मॅडम म्हटलं होतं, आणि तेही ठिगळानं. ती जी हसली ती हसलीच. कापड गेलं, पेटी गेली, पॅन्टा चार डझन बदलल्या. तरी चांदसाहेबांनी कॅमेरा उचलला, डावा डोळा मिटला, आणि सवयीनं त्यांचं तोंड आपोआप उघडलं, की मेहरुनबीला ते ठिगळ आठवायचं. घरातल्या प्रत्येक फोटोत तिच्या तोंडावर हात आहे. नातवाच्या बारशाच्या फोटोत तर पदरच आहे, आत कोण आहे ते समजून घ्यायचं.

इतके दिवस यानं काही अडत नव्हतं. अडलं ते उमऱ्याच्या यात्रेच्या वेळी.

मक्केला जायचं हे मेहरुनबीच्या मनात किती वर्षं होतं ते तिनं कधी सांगितलं नाही, पण पोराचं लग्न झालं, सून घरात रुळली, आणि एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आता गुडघं चालत्यात तवर जाऊन येऊ." मिरजेहून चौदा जणांचा एक ग्रुप निघणार होता. चांदसाहेबांनी दोघांची नावं घातली. ग्रुप नेणाऱ्या हाजीसाहेबांनी बजावलं, "आधी पासपोर्ट. मग व्हिसाचा फोटो. बाकी सगळं मी बघतो."

पासपोर्टचा फोटो कचेरीतच काढतात. चांदसाहेबांना ते आधीच अपमानास्पद वाटलं, म्हणजे आचाऱ्याला दुसऱ्याच्या खानावळीत जेवायला लावल्यासारखं. मेहरुनबीची पाळी आली तेव्हा ते काचेबाहेर उभे होते. काउंटरवरची मुलगी सभ्यपणे म्हणाली, "आजी, पदर जरा मागं घ्या. कपाळ दिसू द्या."

"का गं? कपाळात लिवल्यालं तुला वाचाय येतं व्हय?" मेहरुनबी म्हणाली. आजी म्हटल्याचा तिला राग आला होता. ती अशी रागात असतानाच मुलीनं बटण दाबलं.

पासपोर्ट घरी आला. चांदसाहेबांनी तो उघडला, खिडकीशी नेला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. "ह्यो फोटो न्हाई," ते म्हणाले, "पंचनामा हाय." त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आपली बायको जगाच्या दारात अशी उभी राहणार, भुवया जुळलेल्या, ओठ आवळलेले, कुणी म्हैस सोडून नेल्यासारखी. व्हिसाचा फोटो तरी आपण काढायचा आणि असा काढायचा, की तिकडचा साहेब उठून उभा राहील.

दुसऱ्या दिवशी मेहरुनबी स्टुलावर बसली. पांढरा पडदा, दोन्हीकडं दिवे. चांदसाहेबांनी डावा डोळा मिटला. सत्तावीस फोटो झाले. सत्तावीसच्या सत्तावीस हसरे. हाजीसाहेबांनी नियम सांगितला होता: तोंड मिटलेलं, दात दिसता कामा नयेत.

त्यावर चांदसाहेबांनी जे केलं ते तीस-चाळीस वर्षं रिटचिंग केलेला माणूसच करू जाणे. सगळ्यात कमी दात दिसणारा फोटो निवडला. डोळ्याखाली साफ केलं, गालावर थोडं भरलं, गळ्यावरच्या रेघा काढल्या. आता तोंड. त्यांच्या संगणकात गेल्या दहा वर्षांतले हजारो चेहरे साठवलेले होते. ते एकेक उघडून बघू लागले. शेवटी कन्या शाळेच्या संयोगिता बाईंवर येऊन थांबले. सबंध तालुक्यात इतकं व्यवस्थित मिटलेलं तोंड दुसरं नव्हतं. ते त्यांनी अलगद उचललं आणि मेहरुनबीला लावलं. रंग जुळवला. कडा पुसल्या. माप, केबी, सगळं बेतशीर. फोटो मिरजेला गेला.

तीन दिवसांनी हाजीसाहेबांचा फोन आला. फोन सुनेनं, समीनानं घेतला. समीना मिरजेची, संगणकाचा कोर्स केलेली. फॉर्म भरायचं काम तीच बघायची. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून सासऱ्यांकडं वळली.

"अब्बा, सगळ्यांचे व्हिसा आले. तुमचापण आला. अम्मींचा परत आलाय. फोटो पासपोर्टवरच्या बाईशी जुळत नाही म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दुसरा गेला तर ठीक, नाहीतर अम्मींचं ह्या ग्रुपमधून राहिलं."

"आन् बाकीचं?"

"बाकीचे जाणार."

त्या दिवशी बुधवार होता.

मेहरुनबी आतून हात पुसत आली. "जुळत न्हाई म्हंजे? बघू तरी काय पाठवलंयसा ते."

समीनानं घरच्या संगणकावर फोटो मोठा केला. मेहरुनबी जवळ गेली, लांब गेली, परत जवळ आली.

"ही कोण?"

"तू," चांदसाहेब म्हणाले.

"मग मी कोण?"

मेहरुनबीनं बोट पडद्यावर टेकवलं. "डोळं माझं. नाकातली चमकी माझी. हे तोंड कुणाचं?"

"तोंड जरा मिटून घेतलंय."

"मी इचारती, कुणाचं?"

समीनानं हळूच माऊस फिरवला आणि तिच्या लक्षात आलं. ती संयोगिता बाईंची विद्यार्थिनी नव्हती, पण रेशन कार्डाच्या रांगेत तिनं ते तोंड बघितलं होतं. तिला हसू आवरेना. तिनं खोकल्याचं सोंग केलं.

"संयोगिता बाईंचं," चांदसाहेब म्हणाले.

मेहरुनबीनं पडद्यावरचं बोट काढून घेतलं.

"म्हंजे," मेहरुनबी सावकाश म्हणाली, "चाळीस वर्सं भाकरी मी थापली, आन् मक्केला तोंड मास्तरीणबाईचं जायाचं."

"तसं न्हाई गं. तुझं तोंड मिटत न्हाई म्हणून..."

"माझं तोंड मिटत न्हाई? आता बघा कसं मिटतंय."

आणि ते खरंच मिटलं. बुधवारी रात्रीपासून गुरुवारी दुपारपर्यंत ती चांदसाहेबांशी एक शब्द बोलली नाही. समीनाच्या मनात आलं, आत्ताच पटकन फोटो काढावा. तसं तिनं सुचवलंही. पण चांदसाहेबांनी कॅमेरा उचलला, डोळा मिटला, आणि इतका वेळ रागानं बसलेल्या बाईचे खांदे हलायला लागले. राग खराच होता, पण ठिगळ त्याहून जुनं.

"मी काढते, अब्बा," समीना म्हणाली.

चांदसाहेबांनी कॅमेरा दिला नाही. "पासपोर्टवाल्यांनी काढला, आता सुनंनं काढायचा. मग मी काय पाटीवरचा न्यू नुसता?"

शुक्रवार उजाडला. सकाळी आठपासून स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं. मेहरुनबी स्टुलावर. चांदसाहेबांनी आधी डोळा न मिटता बघायचा प्रयत्न केला, त्यात दोन फोटो तिच्याऐवजी पडद्याचे आले. मग तोंडात सुपारी धरली, म्हणजे ते उघडणार नाही. सुपारी पडली. मेहरुनबी हसली. मग ते म्हणाले, काहीतरी वाईट आठव.

"काय आठवू?"

"तुझी म्हातारी बकरी मेली ती आठव."

"ती तुमच्या पिवळ्या शर्टाची बाही खाऊन मेली," मेहरुनबी म्हणाली आणि तिला परत आवरेना.

दुपारचे तीन वाजले. समीना दारावर टकटक करून सांगून गेली, हाजीसाहेबांचे दोन फोन आले, पाचच्या आत हवा. मेहरुनबीचं हसणं आता थकलं होतं. प्रत्येक वेळी हसून झालं की ती पदरानं डोळे पुसायची आणि म्हणायची, "आता न्हाई हसत. काढा." आणि परत. शेवटी ती स्वतःवरच चिडली. "माझ्या नशिबात न्हाई बघा. चांगलं काम आलं की माझं दातच आडवं येत्यात."

चांदसाहेबांनी कॅमेरा खाली घेतला. दिव्यांच्या उजेडात ती त्यांना अख्खी दिसली, पस्तीस बाय पंचेचाळीस नाही. गुडघ्यावर ठेवलेले हात, पायातली नवी चप्पल. ती चप्पल तिनं उमऱ्यासाठी घेतली होती आणि आठ दिवस घरात घालून रुळवत होती. त्यांनी घसा साफ केला. कॅमेरा परत डोळ्याला लावला. आणि कॅमेऱ्याच्या मागूनच, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "जाऊ दे मेहरुन. एवढा ताप कशाला? तू ऱ्हा घरी. मी एकटाच जाऊन येतो."

मेहरुनबीचं तोंड मिटलं. भुवया जागच्या जागी आल्या. ती सरळ कॅमेऱ्यात बघत राहिली.

खट्ट.

"आला," चांदसाहेब म्हणाले.

पण स्टूल रिकामं होतं. दाराची कडी काढून ती निघून गेली होती, चपला तिथंच ठेवून.

पाचाला पंचवीस मिनिटं होती. चांदसाहेब संगणकावर बसले. समीना मागं उभी. पडद्यावर मेहरुनबी आली, जशीच्या तशी. डोळ्याखाली काळं, गळ्यावर रेघा, दुपारभर हसून लाल झालेलं नाक. चांदसाहेबांचा हात माऊसवरून आपोआप त्या गुळगुळीत करायच्या ब्रशकडं गेला.

"अब्बा," समीना म्हणाली.

"नाकाचा लाल तेवढा..."

"अब्बा."

त्यांनी हात मागं घेतला आणि मांडीखाली घातला. डाव्या हातानंच फोटो कापला. डोक्यावर जागा, हनुवटीखाली जागा. केबी बघितलं, कमी केलं, परत बघितलं. बस्स, बाकी काही नाही. समीनानं तो पाठवला. पाचला सात मिनिटं होती.

घरी चूल थंड. मेहरुनबी मागच्या दारात पायरीवर बसलेली, तोंड उसाच्या फडाकडं. चांदसाहेब तिच्या चपला हातात घेऊन शेजारी उभे राहिले. मागं न बघता ती म्हणाली, "गेला असतासा? एकटं?"

"कसा जाणार? माझा पासपोर्ट कुठल्या कपाटात हाय ते तरी मला ठावं हाय का?"

"गोदरेजच्या वरच्या कप्प्यात."

"बघ. मला म्हाईत न्हवतं."

ती हसली नाही. पण चपला घेतल्या. रात्री पिठलं-भाकरी मिळाली, पिठल्यात मीठ अंमळ जास्तच होतं, आणि चांदसाहेबांनी ते वाटीभर मागून खाल्लं.

सोमवारी व्हिसा आला. समीनानं फोनवरचा मेसेज वाचून दाखवला तेव्हा मेहरुनबीनं आधी फोटो बघायला मागितला. बराच वेळ बघितला. "हां," ती म्हणाली, "ही मी. राग आल्याली हाय, पण मीच." मग तिनं विचारलं, ह्याच्या चार कॉप्या काढून देता का, आणि चांदसाहेबांनी साफ नकार दिला.

निघायच्या दिवशी मिरजेपासूनच मेहरुनबीचा चेहरा फुलला होता. मुंबईच्या विमानतळावर सरकता जिना लागला तेव्हा तर ती पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत हसत गेली. ग्रुप एकेक करून पासपोर्ट तपासणीच्या खिडकीशी पोचला. मेहरुनबी पुढं, चांदसाहेब मागं पिवळ्या रेघेवर. खिडकीतल्या साहेबानं पासपोर्ट उघडला, समोर बघितलं, परत पासपोर्टात बघितलं. आत पंचनामा, बाहेर दिवाळी.

"आप ही हैं?" त्यानं विचारलं.

"व्हय की," मेहरुनबी म्हणाली आणि तिला अजूनच हसू आलं.

"यहाँ कॅमेरे में देखिए. हँसिए मत."

तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं. एवढासा कॅमेरा, त्याच्यामागं कुणीच नाही. तिनं हसू आवरायचा खूप प्रयत्न केला. साहेबानं कपाळाला आठ्या घातल्या आणि शेजारच्या साहेबाला पासपोर्ट दाखवला. मागची रांग थांबली. ग्रुपमधली माणसं माना लांब करून बघायला लागली. मेहरुनबीनं घाबरून मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं.

चांदसाहेब पिवळ्या रेघेवर उभे होते. काही बोलायची त्यांना परवानगी नव्हती. त्यांनी नुसता घसा साफ केला, त्या शुक्रवारी केला होता अगदी तसाच.

मेहरुनबीचं तोंड मिटलं. भुवया जागच्या जागी आल्या. ती तशीच पुढं वळली.

साहेबानं एकदा पासपोर्ट बघितला, एकदा तिला, आणि शिक्का मारला.

पलीकडं जाऊन ती थांबली. चांदसाहेबांचा शिक्का होऊन ते तिच्याजवळ पोचले, तेव्हाही तिचा चेहरा तसाच होता.

"पुन्यांदा घसा साफ केलासा," ती म्हणाली, "तर मी एकटीच जाईन."

"जा की," चांदसाहेब म्हणाले. "पासपोर्ट दोन्ही तुझ्याच पिशवीत ठेवतो."

त्यांनी स्वतःचा पासपोर्ट तिच्या पिशवीत टाकला, आणि दोघं ग्रुपच्या मागं निघाली.